सांध्यावरचा शब्द

(गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात पाचव्या दिवशी संध्याकाळी केलेल्या भाषणाचा मजकूर. त्या दिवशी फळ्यावर लिहून दाखवलेले वेल्श शब्द इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत.)



या स्टेजवर माझं काम दरवर्षी ठरलेलं असतं. मांडवाचे बांबू ओळंब्यात आहेत का ते बघायचं आणि माईकची वायर कोणाच्या पायात येणार नाही एवढं पाहायचं. मी पी-वेचा माणूस, त्यातून डिप्लोमावाला. भाषण हा माझा प्रांत नाही. पण चिटणीस म्हणाले, “तुम्ही ती कुठलीशी वेल्श भाषा शिकताय म्हणे, त्यावर बोला की.” मी म्हटलं, लोक झोपतील. ते म्हणाले, “प्रसाद शेवटी आहे, कोणी जाणार नाही.” तेव्हा प्रसादाच्या भरवशावर बोलतो.

वेल्स हा इंग्लंडला पश्चिमेकडून चिकटलेला छोटासा देश. मी तिथे कधी गेलेलो नाही. पण आपल्या इथून शिलाँगला जाणाऱ्या प्रत्येकाने वेल्शचा एक अवशेष पाहिलेला आहे. खासी भाषेची मुळाक्षरं आठवा: ए, बी, के, डी. तिसऱ्या जागेवर के कसा? तर 1841 साली टॉमस जोन्स नावाचा वेल्श मिशनरी चेरापुंजीला आला आणि त्याने खासीला रोमन लिपी दिली, ती आपल्या वेल्श वळणाची. पुढे सी च्या जागी के बसला. खासी लोक जे ‘री खासी’ हे गीत म्हणतात, त्याची चालही वेल्सच्या राष्ट्रगीताची आहे. जानेवारी 2020 मध्ये आम्ही सगळे सोहराला गेलो होतो, तेव्हा माझ्या मुलीला हे कळलं. पुढे लॉकडाऊन लागलं. मालगाड्या चालू होत्या, त्यामुळे मला सुट्टी नव्हती. शाळा बंद, म्हणून तिने मोबाईलवरच्या एका ॲपवर वेल्श सुरू केली. मी तिच्या शेजारी जाऊन बसलो. का बसलो, ते नंतर सांगतो.

पहिल्या आठवड्यातच गाडी रुळावरून घसरली. वेल्शमध्ये मांजराला ‘काथ’ म्हणतात. आपल्या पानातला काथ, तसंच. पाठ झालं. दुसऱ्या धड्यात तेच मांजर ‘गाथ’ झालं, तिसऱ्यात ‘खाथ’ आणि चौथ्यात ‘ङ्हाथ’. मांजर तेच! आपल्याकडे शब्द शेवटी बदलतो, मांजर-मांजराला. तो शेपटीकडून बदलला तरी डोक्यावरून ओळखता येतो. इथे डोकंच बदलतं. शब्दकोशात ‘ङ्हाथ’ शोधला तर सापडत नाही, कारण कोशात मांजर फक्त ‘काथ’च्या घरी राहतं. वेल्श शिकणारे जास्तीत जास्त लोक इथेच कंटाळतात असं म्हणतात, आणि त्यात मला नवल वाटत नाही.

पुस्तकात यासाठी तक्ता असतो. नऊ व्यंजनं, तीन प्रकारचे बदल. तो तक्ता मी ऑफिसच्या भिंतीवर कंट्रोल फोनच्या वर चिकटवला. तीन आठवडे रोज पाहिला, आणि डोक्यात काही म्हणजे काही राहिलं नाही.

मग एका रात्री पेट्रोलिंगची माणसं यायची वाट पाहत बसलो असताना तो तक्ता सहज देवनागरीत लिहून काढला आणि एकदम लक्षात आलं की हे तर आपल्याला पहिलीत शिकवलंय. क ख ग घ ङ. त थ द ध न. प फ ब भ म. वेल्शचा पहिला बदल मृदू. त्यात ओळीतलं पहिलं अक्षर तिसरं होतं. क चा ग, त चा द, प चा ब. दुसरा बदल श्वासाचा. पहिलं अक्षर दुसरं होतं. क चा ख, त चा थ, प चा फ. तिसरा अनुनासिक. त्यात तिसरं अक्षर पाचवं होतं, ग चा ङ, द चा न, ब चा म. आणि पहिलंही पाचव्यावर जातं, पण जाताना ह बरोबर नेतं. क चा ङ्ह, त चा न्ह, प चा म्ह. इंग्रज माणसाची ‘म्ह’ म्हणताना जीभ वळत नाही. आपण म्हशीपासून न्हाव्यापर्यंत सगळं आरामात म्हणतो!

उच्चारात थोडा फरक आहे, तो सांगायला हवा. त्यांचा ख हा उर्दू ‘ख़बर’मधला, थ इंग्रजी ‘थिंक’मधला आणि फ ‘फॅन’मधला. त आणि द आपल्या दंत्य आणि मूर्धन्याच्या मधले. पण सोय म्हणून वर्णमाला पुरते.

उरलेले मृदू बदल किरकोळ आहेत. ब आणि म दोघांचा व होतो. द चा ध होतो, म्हणजे ‘फादर’मधला द. ‘ल्ह’ हे त्यांचं खास अक्षर, जीभ ल वर ठेवून नुसती हवा सोडायची, त्याचा साधा ल होतो. ‘ऱ्ह’चा र होतो. आणि ग? ग गायबच होतो. बाग म्हणजे ‘गार्ध’, पण ‘ती बाग’ म्हणायची तर ‘अर आर्ध’.

आता हे होतं कधी? मागचा शब्द ठरवतो. उदाहरण स्टेशनचंच घेऊ. कार्डिफला वेल्शमध्ये ‘काइर्दीध’ म्हणतात. कार्डिफला जायचं तर ‘इ गाइर्दीध’. कार्डिफमध्ये असाल तर ‘अङ् ङ्हाइर्दीध’. आणि ‘अमुक आणि कार्डिफ’ म्हणायचं तर ‘आ खाइर्दीध’. ‘इ’ म्हणजे ला, तो मृदू करतो. ‘अन’ म्हणजे मध्ये, तो नाकात नेतो. ‘आ’ म्हणजे आणि, तो श्वास सोडायला लावतो. चहा-कॉफी म्हणजे ‘ते आ खोफी’. मीठ-मिरी म्हणजे ‘हालेन आ फिपिर’. तो ‘पिपिर’ मुळात आपल्या पिप्पलीचा वंशज, ग्रीक-लॅटिन फिरून तिकडे गेलेला. इंग्लंडमधून वेल्समध्ये शिरताना रस्त्यावर स्वागताची पाटी असते, ‘क्रोइसो इ गम्री’. देशाचं नाव ‘कम्री’. म्हणजे देशाच्या उंबरठ्यावरच पहिलं अक्षर बदललेलं!

आमच्या घरी त्या दिवसांत याचा खेळ झाला होता. बाहेरच्या देशांतल्या गावांना वेल्श लोक सहसा असं बदलत नाहीत, पण आम्हाला कोण विचारतं. गुवाहाटीत म्हणजे ‘अङ् ङुवाहाटी’. आणि पुण्यात म्हणजे ‘अम म्हुणे’. सौ.चं माहेर पुण्याचं, त्यांनी या विनोदावर मत दिलेलं नाही.

हे असं का होत असेल? खरं कारण कळलं तेव्हा पाठांतर निम्मं कमी झालं. शाळेत आपण संधी शिकलो. जगत् अधिक ईश, जगदीश. जगत् अधिक नाथ, जगन्नाथ. वाक् अधिक मय, वाङ्मय. आणि आपल्या बाप्पांचे बंधू षडानन, षट् अधिक आनन. पुढचा आवाज बघून मागचा आवाज बदलतो, कारण जिभेला सोपं पडतं. वेल्शमध्ये मागचं बघून पुढचं बदलतं, बाकी जिभेचा आळस तोच. दीड हजार वर्षांपूर्वीच्या त्यांच्या जुन्या भाषेत शब्दांना शेवट होते, संस्कृतसारखे. मागचा शब्द स्वराने संपला आणि पुढचं व्यंजन दोन स्वरांत सापडलं की ते मऊ पडायचं. पुढे ते शेवट झिजून गेले. मऊपणा मात्र राहिला.

आमच्यापैकी काही जण 2014-15 मध्ये लामडिंग-सिलचरच्या गेज कन्व्हर्जनला होते. जुन्या मीटरगेजचे रूळ उचलले, स्लीपर गेले, तरी डोंगराच्या कडेने बांधाचं वळण अजून तसंच आहे. नवख्या माणसाला कळत नाही, इथे मधेच हे वळण कशाला? तिथून गाडी जायची म्हणून. वेल्शचे बदल म्हणजे उचललेल्या रुळांचं वळण. आणि संधी म्हणजे तरी काय, सांधाच! दोन रुळांमधला असो की दोन शब्दांमधला.

यातलं सगळ्यात सुंदर वळण ‘त्याचं’ आणि ‘तिचं’ या शब्दांत आहे. वेल्शमध्ये दोन्हींसाठी एकच शब्द, ‘इ’. त्याचं मांजर ‘इ गाथ’. तिचं मांजर ‘इ खाथ’. मांजर कोणाचं हे मांजराच्या पहिल्या अक्षरावरून ओळखायचं! हे का? आपल्याकडे संस्कृतात ‘त्याचं’ म्हणजे अस्य आणि ‘तिचं’ म्हणजे अस्याः. एकाच्या शेवटी स्वर, दुसऱ्याच्या शेवटी विसर्ग, म्हणजे मूळचा स. वेल्शचे दोन ‘इ’ याच जोडीचे भाऊबंद. शेवट दोन्हीकडचे गळून पडले आणि उरला तो एकच ‘इ’. पण स्वराच्या पुढचा क मऊ होऊन ग झाला, आणि स च्या पुढचा क खरखरीत होऊन ख झाला. दहावीत शंभर मार्कांचं संस्कृत घेतलं होतं, ते पंचवीस वर्षांनी असं मांजराच्या पावलांनी परत आलं.

हे नातं पहिल्यांदा जगापुढे मांडणाऱ्यांतला मोठा माणूस आपल्या शेजारीच होऊन गेला. कलकत्त्याला, एशियाटिक सोसायटीत, 1786 साली सर विल्यम जोन्स यांनी सांगितलं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मुळातून आल्या असाव्यात, आणि केल्टिकही बहुधा त्यातलीच. वेल्श ही केल्टिक. यांचे वडील वेल्सच्या अँगलसी बेटावरचे, त्यांचंही नाव विल्यम जोन्स. वर्तुळाच्या गुणोत्तराला पाय हे चिन्ह त्यांनी 1706 मध्ये वापरलं. कर्व्ह आखताना रोज ज्याचं नाव घेतो तो पाय तिकडचा, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं.

त्याच बेटावर ते जगप्रसिद्ध लांब नावाचं स्टेशन आहे. ‘ल्हान-वाइर-पुल्ह-ग्विन-गिल्ह-गोगेर-अ-ख्विर्न-द्रोबुल्ह-ल्हान-तिसिलिओ-गोगो-गोख’. (टाळ्या नकोत, आठ दिवस लागले.) एकोणिसाव्या शतकात मूळ नाव ओढून ताणून एवढं केलं. लोक पाटीसमोर फोटो काढतात. मी फोटोतली पाटी सांधे तपासावेत तशी तपासली. ‘वाइर’ ही मूळची माइर, म्हणजे मेरी. म चा व. ‘गिल्ह’ मूळचे किल्ह, हेझलची झाडं. ‘गोख’ मूळचा कोख, म्हणजे लाल. गुहा स्त्रीलिंगी म्हणून तिचं विशेषण मऊ. आणि ‘पुल्ह’ म्हणजे डोह. तो एकाच पाटीवर दोनदा आलाय, एकदा पुल्ह आणि एकदा ‘द्रोबुल्ह’मध्ये बुल्ह. अख्खा धडा एका नेमबोर्डावर.

जाता जाता एक. वाफेच्या इंजिनाने रुळांवरून पहिल्यांदा माल ओढला तो वेल्समध्येच, पेनीडॅरनला, 1804 साली. इंजिन ठीक चाललं, पण वजनाने खालचे बिडाचे रूळ मोडले. म्हणजे पी-वेवाल्यांवर खापर फुटायची सुरुवातही तिथलीच.

असो. आता मी तिच्या शेजारी जाऊन का बसलो, ते.

तुमच्यापैकी बरेच जण 2019 च्या उत्सवाला होते. मुलांचा कार्यक्रम होता. माझी मुलगी तेव्हा अकरा वर्षांची. जन्म इथलाच, शाळा इथलीच. तिने ‘माझा गणपती’ असं पाच मिनिटांचं भाषण स्वतः लिहिलं होतं. त्यात ती म्हणाली, “आम्ही सगळे देऊळात गेलो.” लोक हसले, प्रेमानेच हसले. पुढे ‘पाणीत’ आलं, पुन्हा हशा. मी पहिल्या रांगेत होतो. मीही हसलो, आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणालो, “देवळात! पाण्यात!” तिने भाषण पूर्ण केलं. खाली उतरली. आणि त्या दिवसानंतर ती माझ्याशी मराठी बोलली नाही. भांडण नाही, रुसवा नाही. मी मराठीत विचारायचो, ती हिंदीत उत्तर द्यायची. आईशी थोडंफार मराठी, माझ्याशी अजिबात नाही. सहा-सात महिने. म्हणून त्या परक्या भाषेत मी तिच्या शेजारी जाऊन बसलो. निदान तिथे आम्ही दोघेही पहिलीत होतो.

एके दिवशी ‘तिचं मांजर’ म्हणायचं होतं. मी म्हटलं ‘इ गाथ’. ती फिसकन हसली. दुसऱ्यांदा पुन्हा ‘इ गाथ’. पुन्हा हसली. मी दिवसभर उन्हात उभा राहून आलेलो. चिडलो. म्हटलं, “हसतेस काय? शिकतोय ना मी!” ती गप्प झाली. मग हळू आवाजात म्हणाली, “आप भी तो हँसे थे।”

मंडळी, एवढंच म्हणाली. मला उत्तर सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वयंपाकघरात दूध घेत होती, तिथे जाऊन मी माफी मागितली. बापाने मुलीची माफी मागायची पद्धत आपल्यात फारशी नाही, त्यामुळे ती मलाही नीट जमली नाही. ती काही बोलली नाही. संध्याकाळी मात्र जुन्या कॅलेंडरची मागची बाजू घेऊन आली आणि मराठीत विचारलं, “बाबा, पाणीचं पाण्यात का होतं?”

मला माहीत नव्हतं! जन्मभर पाण्यात म्हणतोय. का, ते कधी कोणी विचारलंच नव्हतं. मग एका बाजूला वेल्शचा तक्ता होता तसा दुसऱ्या बाजूला आम्ही मराठीचा मांडायला घेतला. घोडा-घोड्यावर. शाळा-शाळेत. फूल-फुलात. तिसऱ्या दिवशी तिनेच शोधून काढलं की देऊळ-देवळात आणि पाऊस-पावसात एकाच वळणाने जातात, मधला ऊ चा व होतो. मी म्हटलं, शाबास. आणि मनात म्हटलं, हे तर मला शिकवायला हवं होतं.

शिकण्याची रीतही तिनेच बदलली. भिंतीवरचा तक्ता काढून टाकायला लावला. सुटा शब्द पाठ करायचाच नाही, मागच्या शब्दासकट जोडूनच करायचा. ‘काथ’ नाही, ‘इ खाथ’. कार्डिफ नाही, ‘अङ् ङ्हाइर्दीध’. डबा कपलिंगसकटच उचलायचा. वेल्श मूल आईच्या तोंडून असंच शिकतं, आपण ‘देवळात’ असंच शिकलो. आणि अपवाद आला की हुज्जत घालायची नाही. ‘नोस’ म्हणजे रात्र, स्त्रीलिंगी, तेव्हा शुभरात्रीला ‘नोस धा’ हवं. पण म्हणतात ‘नोस दा’. संध्याकाळ मात्र नियमाने ‘नोस्वाइथ धा’. असू दे.

आणखी एक गोष्ट कळली, तिने मला फार धीर आला. खुद्द वेल्श माणसंही घरात, बाजारात हे सगळे बदल करत नाहीत. श्वासाचा बदल बोलताना बऱ्याचदा गाळतात, नाकातल्याच्या जागी मृदू वापरतात. आणि चुकलं तरी अर्थ कळतोच. शिकणारा चुकला तर कोणी शक्यतो हसत नाही. त्याला इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकात वेल्समधल्या कित्येक शाळांत, जे मूल वेल्श बोलेल त्याच्या गळ्यात लाकडाची पट्टी अडकवत. ‘वेल्श नॉट’ म्हणत तिला. दुसरं मूल बोलताना सापडलं की पट्टी त्याच्या गळ्यात. दिवसाच्या शेवटी जिच्या-ज्याच्या गळ्यात असेल त्याला शिक्षा. 2021 च्या जनगणनेत वेल्श बोलणारे साधारण 5 लाख 38 हजार निघाले, दर शंभरात अठरासुद्धा नाहीत. 2011 च्या कायद्याने भाषेला अधिकृत दर्जा मिळाला, स्टेशनवर, रस्त्यावर पाट्या दोन्ही भाषांत आहेत. एवढ्या थोड्या उरलेल्यांना नव्या माणसाने चुकत का होईना बोलावं हेच हवंय. मी ती लाकडी पट्टी चित्रात पाहिली तेव्हा मला आपली पहिली रांग आठवली.

वेळ संपत आली, शेवटचं एक उदाहरण. वडिलांना वेल्शमध्ये ‘ताद’ म्हणतात, आपल्या ‘तात’सारखंच. त्याचे वडील ‘इ दाद’. तिचे वडील ‘इ थाद’. आणि माझे वडील ‘व न्हाद’. ‘व’ म्हणजे माझा, त्याच्या जुन्या रूपात शेवटी न होता, म्हणून पुढचा शब्द नाकात जातो. पण बोलताना हा ‘व’ लोक गिळतात. माझा हा शब्द ऐकूच येत नाही, नुसतं ‘न्हाद’ उरतं. न वरून समजायचं की माझा.

मुलगी आता सतरा वर्षांची आहे. मराठी बोलते, मधूनच घोडावर बसते. मला घरात ‘न्हाद’ म्हणून हाक मारते. आमच्या गँगमधल्या लोकांना वाटतं ती ‘नाद’ म्हणते, साहेबांना वेल्शचा नाद लागलाय म्हणून.

ती बघा, माईकच्या टेबलामागून हात करतेय. आरतीला उशीर होतोय. इथेच थांबतो.

गणपती बाप्पा मोरया!